बिय्यात्तूची जागा

सैदलवी माश, म्हणजे सैदलवी मास्तर, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावात कुणाचा कॉम्प्युटर रुसला की लोक अजून त्यांच्याच ओसरीवर येत. माशांची अट एकच. मशीनमधलं विकतचं सगळं आधी पुसणार, लिनक्स घालणार, मगच पुढचं बोलणं. शाळांमध्ये केरळ सरकारनं मुक्त सॉफ्टवेअर आणलं तेव्हा या गणिताच्या माशांना ट्रेनिंगला पाठवलं होतं, आणि तिथून ते जे वेड घेऊन आले ते आले. "ज्याचं पोट उघडून बघता येत नाही अशी वस्तू घरात ठेवू नये," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्यावर त्यांची बायको उम्मुकुल्सू आतून म्हणायची, "मग मला कशी ठेवलीत इतकी वर्षं?"

त्या उन्हाळ्यात नातीचं, फिदाचं लग्न ठरलं. ईदनंतरची तारीख निघाली. सगळे जण जेवायला बसले होते, तांदळाच्या पातळ भाकरीचा, पत्तिरीचा डबा फिरत होता, आणि फिदा सहज बोलावं तसं बोलली, "उम्मम्मा, माझ्या मेंदीला भाड्याचा गट नको. तू आणि बिय्यात्तूम्मा गायचात ना, ते गाणं पाहिजे मला."

कुल्सूचा हात डब्यातच राहिला. "बिय्यात्तू आहे कुठं इथं?" एवढंच म्हणून ती उठली.

बिय्यात्तू मस्कतला होती. आधी ती कुंपणापलीकडे होती. दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली, दोघी एकाच नारळाच्या सावलीत मासे साफ करत बसायच्या, आणि तिरूरपासून नदीकाठच्या गावापर्यंत कुठल्याही मुलीची मेंदी असो, बोलावणं दोघींना जायचं. कुल्सूनं ओळ उचलायची आणि बिय्यात्तूनं उत्तर द्यायचं. कुल्सूच्या ओळी तिच्या आजीकडून आलेल्या, शब्दाला शब्द ठरलेल्या. पण बिय्यात्तूचं उत्तर कधीच ठरलेलं नसे. मुलगी बघायची, नवऱ्यामुलाचं नाक बघायचं, सासूचा चिकटपणा कानावर आलेला असायचाच, की लगेच त्याची ओळ तयार. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. बाहेर मांडवात बसलेल्या पुरुषांना शब्द नीट कळायचे नाहीत, फक्त टाळ्या आणि हसू ऐकू यायचं. बिर्याणीची वाट बघत बसलेले माश तेवढ्यावरही खूष असत.

मग बिय्यात्तूचा नवरा गेला. मुलगा मुनीर तिला मस्कतला घेऊन गेला, इथलं घर विकलं. तिचं हृदय आता असं झालं होतं की डॉक्टर विमानात बसू देईनात. कुल्सूनं जायचं, तर जाऊ-जाऊ म्हणण्यातच वर्षं गेली आणि त्यात गुडघे गेले. फोन होते, व्हिडिओ होता. पण ती दुधाची तहान ताकावर. एकदा दोघींनी फोनवर गाऊन बघितलं होतं. कुल्सूनं ओळ टाकली, टाळी वाजवली, आणि बिय्यात्तूची टाळी समुद्र ओलांडून यायला उशीर झाला. तिकडून ती उत्तर देतेय, इकडे कुल्सूनं पुढची ओळ धरलेली. दोनदा हसल्या, तिसऱ्यांदा दोघी गप्प झाल्या. त्यानंतर कुल्सू कधी गायली नाही. मासे साफ करतानाही नाही.

माशांना हे फार लागलं होतं. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण बायकोचा आवाज घरातून गेला ही गोष्ट त्यांना रोज, अगदी दाढी करतानाही, आठवायची.

म्हणून त्या रात्रीच्या जेवणानंतर माश दोन दिवस कॉम्प्युटरसमोरून हलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "कुल्सू, एकाच वेळी गायची गरजच काय? तू आज गायचं. तुझा आवाज मी पाठवतो. तो ऐकत ऐकत ती तिकडे उद्या गाईल. तिचा आवाज येईल, तो मी तुझ्यावर ठेवेन. पत्तिरीवर पत्तिरी."

"आणि ते एकत्र ऐकू येईल?"

"शेजारी बसल्यासारखं."

कुल्सूनं हातातला नारळ खाली ठेवला. "खरं सांगता ना? मला उगाच आशेला लावू नका, माश."

"सगळं फुकटात होतं," माश म्हणाले. त्यांच्या लेखी याहून मोठी खात्री जगात नव्हती.

माईक आला. तो ठेवायला माशांनी मागच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट उघडलं, कारण कपड्यांत आवाज मुरतो, घुमत नाही, असं कुणी तरी इंटरनेटवर लिहिलं होतं. खिडकीला गोधडी टांगली. पंखा बंद. कुल्सू साड्यांपुढे स्टुलावर बसली आणि घाम पुसत म्हणाली, "गाणं म्हणायचंय की बाळंतपण करायचंय?" चाचणीत आवाज काही केल्या साफ येईना. सगळ्यात खरखर. माशांनी माईक पुढे घेतला, मागे घेतला, पालथा केला. शेवटी वैतागून कॉम्प्युटरवरच ओरडले, "गाढवा, ऐकू येत नाही का तुला?" तशी पडद्यावरची रेघ उसळून वर गेली. तेव्हा उलगडा झाला. इतका वेळ कॉम्प्युटर आपल्या पोटातल्या माईकनं ऐकत होता आणि नवा माईक नुसता शोभेला उभा होता.

"शिव्या दिल्यावर बरोबर ऐकतो," कुल्सू म्हणाली. "तुमच्याच शाळेतला दिसतोय."

दुपारची नमाज आटपली, मासेवाल्याची स्कूटर भोंगा वाजवत निघून गेली, शेजारचा मिक्सर थांबला, आणि माशांनी लाल बटण दाबलं. कुल्सूनं डोळे मिटले.

'पाटावरची मेंदी ग कुणी कुणी वाटली?'

आवाज बारीक झाला होता, वर जाताना थोडा थरथरत होता. पण तोच होता. माशांनी मान खाली घातली आणि पडद्यावरची रेघ बघत राहिले, कारण डोळे भरलेले बायकोला दिसले असते तर तिनं पुढं आयुष्यभर चिडवलं असतं. कुल्सू एक ओळ गायची, टाळी वाजवायची, मग थांबायची. मग पुढची ओळ. गाणं पूर्ण झालं.

आता इथवर सगळं छान चाललं होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही. कुल्सू चहा टाकायला गेली आणि माश आवाज स्वच्छ करायला बसले. खरखर काढली, श्वास काढले. मग त्यांना रेघेमध्ये त्या सपाट जागा दिसल्या. ओळ, मग सपाट. ओळ, मग सपाट. वहीत अर्धं पान कोरं सोडणाऱ्या पोरांवर जन्मभर चिडलेला माणूस तो. सॉफ्टवेअरमध्ये शांतता छाटायची सोय होती. माशांनी एका क्लिकमध्ये सगळ्या सपाट जागा छाटल्या, काम सेव्ह केलं, बंद केलं आणि हाक मारली, "ये, ऐक! निम्म्या वेळात बसवलं."

कुल्सू पदराला हात पुसत आली आणि उभ्यानं ऐकू लागली. तिच्या ओळी एकीच्या टाचेवर दुसरी अशा धावत होत्या. तिचा चेहरा उतरत गेला.

"मध्ये ती गाते," ती म्हणाली.

"कोण?"

"तिथं बिय्यात्तू गाते, माश! मी काय दम खायला थांबत होते? तिच्यासाठी जागा ठेवली होती मी. माझा श्वास काढलात, काढा. पण तुम्ही तिलाच काढून टाकलंत. मुनीरनं गावातून नेली, तुम्ही गाण्यातून."

माशांनी घाईघाईनं उलटं फिरवायचा प्रयत्न केला, पण एकदा बंद करून उघडलेलं काम मागचं काही लक्षात ठेवत नाही, हे त्यांनीच पोरांना दहादा शिकवलं होतं. मूळ प्रत त्यांनी ठेवली नव्हती. चहा गार झाला. संध्याकाळी कुल्सूनं त्यांना मत्ती मासळीचं कालवण वाढलं, त्यातही शेपटीचा तुकडा. घरात ज्याच्यावर राग त्यालाच शेपटीचा तुकडा, हे माशांना ठाऊक होतं.

दोन दिवसांनी माशच आपणहून म्हणाले, "कुल्सू, चुकलं माझं. मला ती जागा रिकामी दिसली."

"रिकामीच आहे ती," कुल्सू म्हणाली. "म्हणून तर." आणि जरा वेळानं, "लावा ती गोधडी."

या खेपेला माशांनी पडद्याकडे पाहिलंच नाही, बायकोकडे पाहिलं. ओळ संपली, टाळी वाजली, कुल्सू थांबली, आणि तिचे ओठ हलू लागले. आवाज नाही. ती बिय्यात्तूची कुठली तरी जुनी ओळ मनात म्हणत होती, मान तिच्यासारखी तिरकी करत होती, एका जागी तर गालातल्या गालात हसली. त्या बाईनं मैत्रिणीला इतकी वर्षं असं पाठ करून ठेवलं होतं, आणि माशांना एकाच घरात राहून त्याचा पत्ता नव्हता. त्यांना वाटलं, असं कुणी आपल्याला ठेवलं असेल का? लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

गाणं मस्कतला गेलं. माशांनी मुनीरच्या बायकोला, रैहानतला, फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं. कानाला हेडफोन लावायचा, कुल्सूचा आवाज फक्त बिय्यात्तूच्या कानात जायला हवा, बाहेर अजिबात नाही, आणि दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. "हो अंकल, हो अंकल," ती म्हणत राहिली. मागून बिय्यात्तूचा आवाज आला, "त्या माशाला म्हणावं, मी काय नापास पोरगी आहे?"

आठवडा गेला. कुल्सू दिवसातून चारदा विचारायची, "आलं का?" आणि नाही म्हटल्यावर, जणू सहजच विचारलं होतं अशा थाटात, अंगणात जायची. आलं तेव्हा ती लिंबाचं लोणचं घालत होती. तशीच हळदीच्या हातांनी येऊन बसली.

माशांनी ते चालू केलं आणि कपाळाला हात लावला. सगळी गंमत झाली होती. बिय्यात्तूनं हेडफोन लावलाच नव्हता. कुल्सूचा आवाज मोबाईलवर मोठ्यानं लावून ती समोर बसून गायली होती. त्यामुळे तिच्या रेकॉर्डिंगमध्ये कुल्सूही होती, वर एसीची घरघर होती, कुकरच्या शिट्ट्या होत्या, कुणाचं तरी पोर रडत होतं.

'पाटावरची मेंदी ग कुणी कुणी वाटली?' लांबून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी कुल्सू विचारत होती. आणि जवळून, घोगरी, हसू दाबत, बिय्यात्तू उत्तर देत होती, 'फिदाच्या सासूनं वाटली, म्हणून बोटभरच निघाली!'

"वाया गेलं," माश म्हणाले आणि थांबवलं. "हे वेगळं करता येणार नाही. तुझा आवाज तिच्या आवाजात मिसळलाय. हेडफोन लाव म्हणून किती सांगितलं! आता परत…"

"माश."

"अगं, यावर तुझा साफ आवाज ठेवला तर दोन-दोन कुल्सू ऐकू येतील."

"माश, तो लांबून येणारा आवाज माझा ना?"

"तुझाच."

"म्हणजे मी तिच्या घरात गातेय."

माशांनी माउसवरचा हात काढला.

"तिचा कुकर वाजतोय आणि मी तिथं बसलेय," कुल्सू म्हणाली. "इतक्या वर्षांत तिच्या घरातला कुकर मी ऐकला नव्हता. पहिल्यापासून लावा. मध्ये थांबवू नका."

माशांनी लावलं. गाणं सुरुवातीपासून झालं, शेवटची ओळ झाली, दोघींची टाळी एकाच क्षणी पडली. माशांना वाटलं संपलं. पण तिकडे रेकॉर्डिंग बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. कुकर बंद झाला. रैहानत म्हणाली, "झालं, उम्मा. संपलं ते."

"संपलं कसं?" बिय्यात्तूचा आवाज आला. "आत्ता तर आली होती. पुन्हा लाव तिला."

आणि पुन्हा लांबून कुल्सू गाऊ लागली. ओळ झाली, टाळी झाली. बिय्यात्तूनं उत्तर दिलं नाही. दुसरी ओळ झाली, तिलाही नाही. नुसती एसीची घरघर, आणि कुणी तरी नाक ओढल्याचा आवाज. त्या घरात कुल्सू विचारत राहिली, विचारत राहिली, आणि बिय्यात्तू ऐकत बसली होती.

इकडे कुल्सूनं हळदीचा हात तोंडावर धरला. ती बराच वेळ रडली. माशांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि या वेळी तिला त्यांचे डोळे दिसले तरी त्यांना चाललं.

"फिदासाठी दुसरं रेकॉर्ड करून घ्या तिच्याकडून," ती अखेर म्हणाली. "हेडफोन लावून, साफ. हे लग्नात वाजवायचं नाही."

"बरं."

"आणि माझा पासपोर्ट काढून बघा, चालू आहे का मेलाय. लग्न आटपलं की मी मस्कतला जाणार."

माश चाचरले. "अगं, पण गुडघे?"

"ते काय इथं ठेवून जाऊ?" कुल्सू उठत म्हणाली. "येतील माझ्याबरोबर."