वाघ जेवत नाही

वहिनी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा भाऊजी सातवीत होते. रस्त्यातून काहीतरी उचलून घरी आणायची त्यांची खोड तेव्हाही होती आणि आज अडतिसाव्या वर्षीही ती गेलेली नव्हती. पंख मोडलेलं कबूतर झालं, तीन पायांचं टेबल झालं, कधीही सुरू न होणारी मोटारसायकल झाली. आणायचं भाऊजींनी आणि निस्तरायचं वहिनींनी, हा रिवाजच पडून गेला होता. गेल्या वर्षी भाऊजींची बायको कायमची माहेरी निघून गेली, त्यानंतर मात्र त्यांनी काही म्हणजे काही आणलं नव्हतं. वहिनींना त्याचं वाईट वाटायचं आणि थोडं बरंही वाटायचं.

सोमवारी संध्याकाळी ते शर्टाच्या आत कुत्र्याचं पिल्लू घालून आले.

घराच्या तळमजल्यावर त्यांचं सोफे-खुर्च्यांना नवं कापड चढवायचं दुकान होतं. वहिनींचे यजमान लाकूडकाम आणि स्प्रिंगा बघायचे, भाऊजी फोम कापायचे आणि तयार माल पोचवायचे, सासूबाई खिडकीशी बसून बटणांवर कापड मढवायच्या आणि सगळ्यांवर नजर ठेवायच्या. शिवण वहिनींची. त्या दिवशी भाऊजी एका लाँड्रीवालीची खुर्ची पोचवायला गेले होते. खुर्ची देऊन ते पिल्लू घेऊन परतले.

"वाघ," ते म्हणाले. "नाव ठेवलंय."

वाघ शर्टातून खाली उतरला, दोन पावलं चालला आणि नव्या रेक्झिनच्या गुंडाळीवर त्याने मुतून ठेवलं.

"भाऊजी," वहिनी मशीनवरून न उठता म्हणाल्या, "मी दोन पोरं वाढवली. ती शिकायला गेली, आता कुठे जरा श्वास घेतेय. तुम्हालाही अर्ध्याहून जास्त मीच वाढवलंय. माझी वाढवायची हौस फिटली."

"वहिनी, तुला काही करायचं नाहीये. सगळं मी बघणार."

हे वाक्य वहिनींनी सव्वीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्यांनी सरळ सुईत दोरा ओवला.

मंगळवार बरा गेला. वाघ सगळ्यांच्या पायांत घुटमळला, सुतळी पळवली, फोमच्या ढिगात झोपला. बुधवारी सकाळी वहिनी खाली आल्या तर तो मशीनच्या पायट्यामागे अंग आखडून बसला होता. दोन ठिकाणी ओकलेला, एका ठिकाणी पोट बिघडल्याची पिवळी खूण. ताटलीतलं अन्न तसंच. ताटली जवळ नेली तर त्याने तोंड फिरवलं.

वहिनींनी भाऊजींना हाक मारली. ते खाली आले, त्यांनी ती पिवळी खूण पाहिली आणि पांढरेफटक पडून पायरीवर बसले.

"मला असलं बघवत नाही, वहिनी."

"मग सगळं बघणार होतात ते कोणत्या डोळ्यांनी?"

फडकं वहिनींनीच मारलं. त्या शनिवारी एका दातांच्या डॉक्टरांकडे चौदा खुर्च्या पोचवायच्या होत्या, त्यातल्या पाचांचीच गवसणी शिवून झाली होती. तोवर सासूबाई आणि यजमानही खाली आले आणि सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, त्याला ऊब द्या. यजमान म्हणाले, गार जागी ठेवा. सासूबाई म्हणाल्या, भूक लागली की आपोआप खाईल, कोणी उपाशी मरत नाही. यजमान म्हणाले, त्यांच्या मित्राचं कुत्रं असंच होतं, पण ते मेलं. एक ना धड, भाराभर चिंध्या. शेवटी वहिनींनी बटणांचा मोठा खोका रिकामा केला, त्यात टॉवेल घातला, वर वाघाला ठेवला आणि भाऊजींना स्कूटर काढायला लावली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी वाघाची हिरडी बोटाने दाबून पाहिली, पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश जागेवर आली. त्यांनी एक तपासणी केली, पंधरा मिनिटं थांबायला लावलं आणि मग सांगितलं, ज्या रोगाची भीती होती तो नाही. पण पोट पार बिघडलंय आणि अंगातलं पाणी कमी झालंय.

"दोन महिन्यांचं पिल्लू आहे. याच्याकडे साठा नसतो. काय काय खायला दिलंत?"

"फक्त दूध," भाऊजी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"आणि थोडं आइस्क्रीम," भाऊजी म्हणाले. "व्हॅनिला."

"घरात आणखी कोण आहे?"

वहिनींनी घरी फोन लावला. यजमानांनी आधी कानांवर हात ठेवले. मग म्हणाले, क्रीमचं एक बिस्कीट दिलं असेल. मग म्हणाले, एक म्हणजे दोन, पण क्रीम त्यांनी स्वतः खाल्लं होतं. मागून सासूबाईंचा आवाज आला, की मी आपलं बोटभर लोणी चाटवलं, लेकरू आहे ते, लोण्याने कोणाला काय होतंय. वहिनी एकेक सांगत गेल्या, डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या. कागदावरची जागा संपली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"आणि तुम्ही?"

वहिनींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "काल दुपारी चीजचा एक तुकडा. मशीनचा पायटा सोडत नव्हता म्हणून."

भाऊजींनी हळूच त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही माझ्याकडे बघू नका," वहिनी म्हणाल्या.

वाघाच्या कातडीखाली सलाइनचं पाणी सोडलं, पाठीवर उंटासारखा उंचवटा आला. ओकारीचं इंजेक्शन झालं. दर दोन तासांनी चमचाभर मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन, मध्ये साखरेचं पाणी हिरड्यांना, बाकी कोणी काही द्यायचं नाही. उद्या सकाळी पुन्हा दाखवायचं, आणि तोवर पोटात काही गेलं नाही तर पुढचं बघू, असं म्हणून त्यांनी पुढच्या मांजराला बोलावलं.

घरी येऊन वहिनींनी फतवा काढला. वाघाला खायला फक्त त्या देणार. दुसरं कोणी ताटलीजवळ दिसलं तर त्यालाही डॉक्टरीणबाईंकडे नेण्यात येईल.

फतवा सगळ्यांनी पाळला. वाघाने नाही. वहिनींनी चिकन उकडलं, तंतू तंतू वेगळे केले, भातात कालवलं, गार केलं. त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. कोमट करून दिलं, तोंड फिरवलं. बोटावर दिलं तर बोट चाटून पुसून दिलं आणि घास तसाच ठेवला. टाळूला चिकटवला, तर अर्धा मिनिट तो हिशेबनिसासारखा गंभीर बसला आणि मग तो घास अलगद वहिनींच्या चपलेत सोडला. साखरेचं पाणी तेवढं जात होतं, तेही निम्मं बाहेर. दर दोन तासांनी मशीन थांबवायचं, हात धुवायचे, मिनतवाऱ्या करायच्या, पुन्हा हात धुवायचे. या धबडग्यात त्यांनी सहाव्या खुर्चीचं गवसणं उलट्या बाजूने शिवलं. सगळी शिवण उसवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं आहे असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"खाल्लं का गं त्याने?" सासूबाई दर दहा मिनिटांनी विचारत होत्या.

"खाल्लं असतं तर मी नाचले असते, आई. तुम्हाला दिसलं असतं."

गुरुवारी सकाळी पुन्हा सलाइन. ओकारी थांबली होती, पोटही सावरलं होतं, डॉक्टरीणबाईंना त्याचं समाधान वाटलं. पण वजन आणखी उतरलं होतं आणि खोक्यातून मान वर करायलाही तो कंटाळत होता.

"आता याने खायला हवं," त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "पोटाचं कारण उरलेलं नाही. आधी होता तिथे कसा खायचा, काय खायचा, विचारलंत?"

वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी भिंतीवरचं मांजराच्या दातांचं चित्र मन लावून वाचत होते.

"विचारतो फोनवर," ते बाहेर आल्यावर म्हणाले.

"फोनवर कशाला? लाँड्री काही लांब नाही."

"ती बाई कामात असते गं."

"आणि मी रिकामटेकडी आहे. चला."

वाघाला घरी यजमानांच्या स्वाधीन करून दोघं लाँड्रीत गेले. आत वाफेचा आणि साबणाचा वास होता. उंच, धिप्पाड लाँड्रीवाली चादरीला इस्त्री करत होती. वहिनींना पाहून तिने इस्त्री उभी केली आणि तोंडभर हसली.

"तुम्हीच ना त्या वहिनी? बारा कुत्री वाढवलेल्या?"

वहिनींनी सावकाश मान वळवली. भाऊजी छताकडे बघत होते.

"बारा नाही," वहिनी म्हणाल्या. "एकही नाही. आणि हे पहिलं आहे ते दोन दिवस जेवत नाहीये."

लाँड्रीवालीचं हसू मावळलं. तिने भाऊजींना नजरेनेच पिळून काढलं. पण बाई कामाची होती. तिने एवढंच विचारलं, की कुठे बसवून भरवता, आणि वहिनींनी सांगितलं, एका कोपऱ्यात, शांत जागी, एकट्याला, कोणी त्रास देऊ नये म्हणून.

"तिथेच चुकतंय," ती म्हणाली. इस्त्रीच्या टेबलाखाली तिने पाय लांब करून एक मोठी पत्र्याची परात बाहेर ओढली. "सहाही भावंडं यातच तोंड घालायची, एकमेकांना ढकलत. आणि मी इथे खाली बसून माझा डबा खायची. मी घास घेतला की हे घास घ्यायचे. तुमचं ते सगळ्यांत धाकटं. सगळे सुरू झाल्याशिवाय ते कधी पुढे यायचंच नाही. एकटं जेवणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही."

स्कूटरपाशी आल्यावर वहिनी थांबल्या.

"बारा कुत्री, भाऊजी?"

"ती देत नव्हती," भाऊजी किल्लीशी चाळा करत म्हणाले. "म्हणाली, एकट्या माणसाला मी पिल्लू देत नाही. दिवसभर बाहेर राहतात आणि पिल्लू रडतं. मग मी म्हटलं, मी एकटा नाहीये, घरी वहिनी आहे. ती म्हणाली, वहिनींना कुत्र्यांचं कळतं का? मग... बारा जास्त झाली का?"

वहिनींनी त्यांच्या हातातली किल्ली काढून स्कूटरला लावली. "हेल्मेट घाला," त्या म्हणाल्या.

घरी पोचल्यावर पहिला मान भाऊजींनी घेतला. ते ताट घेऊन वाघाशेजारी जमिनीवर बसले, पण त्यांचं निम्मं लक्ष त्याच्याकडे. "खा ना रे, खा ना राजा," असं चाललेलं. वाघाने त्यांच्या बाहीची शिवण चोखली आणि डोळे मिटले. यजमानांचा गुडघा वाकत नव्हता. सासूबाईंना खाली बसवलं असतं तर उठवायला माणसं लागली असती. सगळ्यांची तोंडं वहिनींकडे वळली.

"अर्थात," वहिनी म्हणाल्या. "दुसरं कोण."

त्यांनी आपलं ताट वाढून घेतलं. मशीनशेजारी, कापडाच्या तुकड्यांच्या आणि दोऱ्यांच्या पसाऱ्यात त्या मांडी घालून बसल्या. एक मोठी थाळी मध्ये ठेवून तिच्या एका कडेला वाघाचा भात ठेवला, दुसऱ्या कडेला आपला. सकाळपासून त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. पहिला घास तोंडात गेला तेव्हा त्यांना कळलं, आपल्याला किती भूक लागली होती. मग त्या वाघाला विसरल्याच. जेवता जेवता तोंडाने चालू होतं, की चौदा खुर्च्या, शनिवार परवावर आलाय, एकाला बघवत नाही, एकाचा गुडघा दुखतो, आणि आम्ही बारा कुत्र्यांच्या अनुभवी.

मध्येच त्यांना थाळीवर नखांचा बारीक आवाज आला.

त्या हलल्या नाहीत. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. वाघ पुढचे दोन्ही पाय थाळीत घालून उभा होता. त्याने एक घास घेतला, मान वर करून वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाट बघत थांबला. वहिनींनी घास घेतला. त्याने घेतला.

"अगं, बघ, बघ, तो..." यजमान म्हणाले. वहिनींनी डावा हात उगारला तसे ते गप्प झाले.

चार चमचे भात गेला. तेवढ्यासाठी वहिनींना आपलं सगळं जेवण अगदी हळूहळू, दाण्यादाण्याने खावं लागलं, आणि शेवटी पायाला अशा मुंग्या आल्या की दोन्ही बाजूंनी दोघा भावांनी धरून उठवावं लागलं. भाऊजींनी न सांगता थाळी धुतली आणि रात्री जागून नऊ बैठकांना फोम चिकटवून ठेवला. कोणी त्यांचं कौतुक केलं नाही.

शुक्रवारी वाघ खोक्यातून आपणहून बाहेर आला आणि औषधाचा चमचा चावला. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, मान डोलावली आणि अजून पंधरा दिवस थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा द्यायला सांगितलं. खुर्च्या शनिवारऐवजी सोमवारी गेल्या. उशिराबद्दल दातांच्या डॉक्टरांनी भाऊजींना बरंच ऐकवलं, आणि ते त्यांनी वहिनींना न सांगता गिळलं.

भाऊजीही जमिनीवर बसायला शिकले, पण वाघाला ते अजून पटलं नव्हतं. त्यांनी घास घेतला की तो वळून वहिनींकडे बघायचा. असंच एका सकाळी दहाला वहिनी नव्या सोफ्याचं कापड आखत होत्या. सासूबाईंनी खिडकीतून हाक मारली.

"दहा वाजले गं. बस खाली."

"आई, आत्ता नाश्ता झालाय. मला अजिबात भूक नाही."

"तुला कोण विचारतंय?" सासूबाई म्हणाल्या. "वाघाला लागलीय."

वहिनींनी कात्री ठेवली, एक मोठा उसासा सोडला आणि भाऊजींनी पुढे केलेली उशी घेऊन त्या खाली बसल्या.