उन्नी सेविकला कुणी त्रास देऊ नये

तो नियम मीच केला. तेर्नेय बेटावर दुकान एकच, आणि ते माझं. त्यामुळे सकाळी माझ्या तोंडून निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बेटाचा कायदा होते. उन्नी सेविक कायमची घरी येतेय हे कळलं, त्या दिवशी दुकानात येईल त्याला मी बजावलं, "सही मागायची नाही, फोटो काढायचा नाही, तिच्या दारात जायचं नाही. चाळीस वर्षं लोकांनी ओरबाडलंय बिचारीला. आता तरी सुखाने जगू दे. ऐकलंस का, मागनार?"

मागनार माझा नवरा. "मी कधी कुणाच्या दारात जातो?" तो म्हणाला. ते खरंच होतं. आमच्या बेटावर शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी आधी मनात येतं, आत्ता गेलो तर त्यांची अडचण तर नाही ना होणार?

उन्नी आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. तिचे वडील मासेमार. प्रार्थनाघरात ती गायला लागली की म्हातारे डोळे मिटून घ्यायचे आणि तिची आई तिच्या पायांकडे रोखून बघायची, कारण ते पाय ताल धरायचे आणि प्रार्थनेत तसं करणं बरं दिसत नसे. सतराव्या वर्षी ती ऑस्लोला गेली. विसाव्या वर्षी 'लाल रबरी बूट' हे गाणं गाऊन तिने देशाची स्पर्धा जिंकली आणि मग युरोपच्या स्पर्धेत खालून दुसरी आली. निम्मं बेट त्या दिवशी आमच्या टीव्हीसमोर बसलं होतं. गुण जाहीर झाल्यावर माझे वडील म्हणाले, "युरोपला कानच नाहीत," आणि विषय संपला.

पुढे तिने जर्मनीत जाऊन जर्मन गाणी म्हटली. दोन लग्नं केली, दोन्ही मोडली, मूल झालं नाही. मग टीव्हीवर तिचा शनिवारचा कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा वाहिनी एकच. शनिवारी आठ वाजता अख्खा देश उन्नीकडे पाहुणा जायचा. समोर मंत्री असो की मेंढपाळ, ती अशी काही बोलायची की माणूस घरातली भांडणं आपणहून सांगून मोकळा व्हायचा. मी बटाटे सोलता सोलता बघायचे. मला तिचा अभिमान वाटायचा आणि हेवाही वाटायचा.

साठाव्या वर्षी तिच्या सत्काराचा कार्यक्रम थेट दाखवत होते. गाणं तेच, बुटांचं. दुसऱ्या कडव्याला तिचे शब्द गेले. वादकांनी तो तुकडा परत वाजवला, परत वाजवला. ती माईक धरून नुसती उभी. मग "माफ करा" म्हणाली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी तोच चेहरा सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर. वर्षभराने ती वडिलांच्या रिकाम्या घरात राहायला आली.

बेटाने माझा नियम काटेकोर पाळला. ती दुकानात यायची, दूध, ब्रेड, तपकिरी चीज घ्यायची.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. तू?"

"बरी."

मग मी पाठ फिरवून फळीवरचे डबे सारखे करत बसायचे. तिला आपण निरखतोय असं वाटू नये, एवढाच हेतू. ती थोडा वेळ तिथेच उभी राहायची आणि जायची.

मे महिन्याच्या सुरुवातीला आमचा दुग्नाद असतो. सगळं बेट एक दिवस फुकट राबतं. कुणी धक्का रंगवायचा, कुणी पाचोळा ओढायचा, कुणी सूप शिजवायचं, ते मी यादीत लिहिते आणि यादी दुकानाच्या दारावर लावते. प्रत्येक घराचं नाव असतं. ब्याण्णव वर्षांच्या ओलाउगचंसुद्धा असतं. तिच्याकडे ब्रश मोजायचं काम. उन्नीचं नाव मी घातलं नाही. एवढी मोठी बाई, थकलेली. तिच्या हातात दंताळं कुठे द्यायचं? ती यादीपाशी थांबली, बोट लावून वरपासून खालपर्यंत वाचली. मला वाटलं, सुटले म्हणून खूश झाली असेल. पुढची दोन वर्षंही मी तेच केलं.

सतरा मेला, आमच्या राष्ट्रीय दिनाला, मिरवणूक असते, तिथेही मीच शहाणपणा केला. पोरांचं बँडपथक तिच्या घरावरून जातं. मी मास्तरांना म्हटलं, "फाटकासमोर ढोलबिल थांबवा हो जरा. तिला गाण्याबजावण्याची आठवणसुद्धा नको असेल." तीनही वर्षं पोरं तिथून गुपचूप चालत गेली. वळणापलीकडे पुन्हा वाजायला लागायचं.

चौथ्या वर्षी मार्चमध्ये मागनार बातमी घेऊन आला, उन्नीचं घर विकलं गेलं. मी दुकान तसंच उघडं टाकून निघाले. तीन वर्षांत पहिल्यांदा तिची घंटा वाजवली.

दार उघडून तिने माझ्याकडे पाहिलं. "वाट चुकलीस का गं, बोर्गहिल्ड?"

आत खोकी बांधून ठेवलेली होती. तिने कॉफी ठेवली. मी एकदम विचारलं, "का चाललीस?"

"इथे राहून काय करू?"

"अगं, आम्ही तर तुला कध्धी त्रास दिला नाही!"

"नाही दिलात," ती म्हणाली. "एकदासुद्धा नाही. पहिल्या वर्षी मी रोज वॅफल करत होते. म्हटलं, कुणीतरी येईल. मग वाटलं, माझी लाज वाटत असेल. बेटाचं नाव घालवलं मी, सगळ्या देशासमोर तोंड उघडं टाकून उभी राहिले."

"लाज? उन्नी, वेडी आहेस का? तुला शांतता मिळावी म्हणून मी सगळ्यांना..."

"तू?"

"मीच. यादीत नावही मीच नाही घातलं. ढोलही मीच थांबवला."

तिने कप खाली ठेवला. "मी खिडकीत झेंडा घेऊन उभी असायचे," ती म्हणाली. "आणि तुम्ही मढं ठेवलेल्या घरासमोरून जावं तसे जायचात. अगं, चाळीस वर्षं लोक माझ्याकडे नुसते बघत आले. मी इथे आले ती कुणीतरी माझ्यावर ओरडावं म्हणून. 'उन्नी, तो कोपरा राहिला, नीट रंगव!' असं. तुला एवढंही करता आलं नाही?"

मी रडले. गेल्या कित्येक वर्षांत मी कुणासमोर रडले नव्हते. "राहा गं," म्हटलं, "मी उद्या सगळ्यांना सांगते."

"कागदावर सही झालीये. आणि आता मला ऑस्लोला इस्पितळाजवळ राहायला हवं." किती दिवसांपासून आजारी आहे, ते तिने सांगितलं नाही. माझ्या कपात तिने आणखी कॉफी ओतली आणि मागनारच्या गुडघ्याची चौकशी केली. तासाभराने मी उठले.

पुढच्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रात तिच्या निधनाची चौकट आली. नाव, दोन तारखा आणि खाली एक ओळ: अंत्यविधी पार पडला आहे. ज्यांना कुणाला बोलवायचं नसतं, ते आमच्याकडे अशी ओळ छापायला सांगून ठेवतात. चौकटीत एरवी घरच्यांची नावं असतात, तिथे कोरा कागद होता.

सकाळभर दुकानात तेच बोलणं. "साधी बाई हो. शेवटपर्यंत गाजावाजा नको म्हणाली."

दुपारी बँडचे मास्तर आले. टोपी काढून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बोर्गहिल्ड," ते म्हणाले, "निदान ती तीन वर्षं तरी बाई सुखात राहिली. तू होतीस म्हणून. दुसऱ्या कुठल्या गावाने तिला एवढं जपलं असतं?"

दुकानात आणखी चौघं होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडलं, आणि मला त्या चौघांसमोर एक शब्द सुचेना. मी मास्तरांचा ब्रेड पिशवीत भरून त्यांच्या हातात दिला.