सत्तर वेढे कमी

"चारशे अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. संपली." टेपकाकांनी लोकरीचं टोक खुर्चीच्या पाठीला बांधलं. "सत्तर वेढे कमी आहेत. मी कालच सांगितलं होतं."

"काल तुम्ही नुसतं बघून सांगितलं होतं," काकू म्हणाल्या.

"माझं बघणं म्हणजे मोजणंच."

यात फारशी फुशारकी नव्हती. त्यांची सगळी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली होती. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते बायकोची लोकर मोजत. दोन खुर्च्या पाठीला पाठ करून अशा ठेवत, की एक वेढा बरोबर दोन मीटरचा व्हावा. फरशीवर खडूच्या खुणा होत्या आणि त्यांच्यावरून झाडू फिरवायला घरात बंदी होती.

लोकर हिरवी होती. काकूंनी बारा वर्षांपूर्वी थोरल्या भावाला, दादाला, स्वेटर विणला होता. त्याने तो कोपरं फाटेपर्यंत वापरला. आता दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने तोच धाडून दिला होता, 'हाच पुन्हा विणून दे, दुसरा नको' असा निरोप देऊन. काकूंनी तो उसवला, झिजून तुटलेले धागे टाकून दिले. तेव्हाची उरलेली लोकरही पेटीतून काढली. हा रंग आता बाजारात मिळत नव्हता.

टेपकाकांनी जुनी वही उघडली. त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: दादा, छाती बेचाळीस, वेढे पाचशे.

"बाह्या अर्ध्या कर."

"थंडीत अर्ध्या बाह्या? आजारी माणसाला?" काकूंनी टेप पर्समध्ये टाकली. "आधी नवं माप घेऊन येते. दवाखान्यात तो सारखा पांघरुणातच होता. बारा वर्षांत माणूस बदलतो."

"सुटतो. म्हणजे लोकर आणखी कमी पडणार."

संध्याकाळी काकू परत आल्या. चप्पल काढून तशाच खुर्चीवर बसल्या.

"चौतीस," त्या म्हणाल्या.

"टेप दुमडली असेल."

"नाही दुमडली."

"अगं, बेचाळीसचा माणूस चौतीस कसा होईल?"

"दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा तोच म्हणाला, किती मोजशील, एवढाच आहे मी."

टेपकाकांनी वही पुढे ओढली. वहीत गुणाकार-भागाकार केला, पुन्हा एकदा पडताळला.

"चारशे पाच वेढे."

"म्हणजे पुरेल?"

"पुरेल. पूर्ण बाह्यांचा होईल. वर पंचवीस उरतील."

काकूंना रडू आलं. त्यांनी डोळे पुसले आणि सुया शोधायला आत गेल्या.

टेपकाकांनी लोकर सोडवली. खुर्च्या खुणांवर नीट बसल्यात ना, ते वाकून पाहिलं आणि पहिल्या वेढ्यापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली. एकदा झालेली मोजणी त्यांनी उभ्या नोकरीत दुसऱ्यांदा केली नव्हती. लोकर कमी भरावी, असं आज त्यांना मनापासून वाटत होतं.

ती चारशे तीसच भरली.