पूल नसलेलं गाव

भिंगरीनं बाबाशी अबोला धरला होता. एरवी या पोरीच्या तोंडाला बसेल असं कुलूप अजून कुणी घडवलेलं नाही, असं आजोबा म्हणत. त्यामुळे घर अगदी सुनं सुनं झालं होतं. बाबा शहरातली बस चालवायचा. आता त्याला लांब पल्ल्याची गाडी मिळाली होती. उद्या सकाळी निघाला की पंधरवड्यातून एकदाच घरी.

"जाऊ नको म्हणून सांग ना त्याला," आजोबा म्हणाले.

"सांगायला गेलं की रडू येतं."

आजोबांची हयात पोरांना कविता शिकवण्यात गेली होती. त्यांनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. "मग गावाला सांगायला लाव. कवी असंच करतात. एकटं वाटलं की एक भलंमोठं मैदान लिहितात आणि त्यात एकच झाड उभं करतात. वाचणाऱ्याला कळतं."

"झाड खरं असावं लागतं?"

"मैदान आपलं, झाड आपलं. कोण मोजायला येतंय?"

भिंगरी टेबलाखाली शिरली. पेन्सिलीचं टोक चावून चावून बाहेर आली, तेव्हा कागदावर लिहिलं होतं:

आमच्या गावात नदी आहे, पूल नाही.
सगळे रस्ते नदीपाशी येतात,
पाणी बघतात
आणि घरी परत जातात.

आजोबांच्या ओठांवर आलेली दाद त्यांनी गिळली. ती द्यायचा मान दुसऱ्याचा होता.

बाबा बॅग भरत होता. भिंगरीनं न बोलता कागद त्याच्या हातात कोंबला. रस्ता म्हटलं की या माणसाला बसचा मार्गच दिसायचा. त्यानं खिशातलं पेन काढलं.

"अगं, पूल नाही कसा? जुना एक, नवा एक. आणि रस्ते परत कुठे फिरतात? डावीकडे वळून डेपोला जातात." त्यानं कडेला 'पूल – दोन' असं लिहूनही टाकलं. तो आजोबांकडे वळला. "अण्णा, हिला जरा भूगोल शिकवा!"

भिंगरीचा चेहरा एवढासा झाला. आजोबांची जीभ शिवशिवली. पण शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प बसणं. ते चष्मा पुसत राहिले.

"पुन्हा वाच," ते एवढंच म्हणाले. "पहिल्या गिअरमध्ये."

बाबानं पुन्हा वाचलं. पहिल्या ओळीशी थांबला, शेवटच्या ओळीशी बराच वेळ थांबला. दुसऱ्या हातातला शर्ट बॅगेत जायचा राहूनच गेला.

"पूल कुणी काढून टाकला गं?" त्यानं हळूच विचारलं.

"मी."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "मग मी परत कसा येऊ?"

हा विचार भिंगरीनं केलाच नव्हता. तिनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे पाहिलं. मग तिनं कागद ओढून घेतला आणि खाली लिहिलं:

पलीकडच्या काठाला एक होडी आहे.
ती फक्त इकडे येते.

बाबानं कडेचं 'पूल – दोन' नीट रेघा मारून खोडून टाकलं. मग विचारलं,

"उद्या पोचवायला येशील?"

"नाही."

"बरं."

"आणायला येईन," भिंगरी म्हणाली, आणि त्याच्या हातातला शर्ट घेऊन घडी घालायला लागली.