सखुबाई आणि व्हॅनिटी

सखुबाईला व्हॅनिटी गाड्यांचा राग होता, आणि तो तिनं कधी झाकून ठेवला नाही. मढच्या रस्त्यावर दोन रिक्षा समोरासमोर आल्या तरी एकीला थांबावं लागतं. त्याच रस्त्यावर बंगल्यांमधून बारा महिने शूटिंगं चालतात, आणि शूटिंग म्हटलं की नटनट्यांच्या रंगायच्या, कपडे बदलायच्या, आडवं व्हायच्या या चालत्या खोल्या आल्याच. बसएवढ्या लांब, काळ्या काचांच्या, मागे घरघरणारा जनरेटर. एकामागोमाग चार उभ्या राहिल्या की बंदरावरून निघालेला मासळीचा टेम्पो मागे अडकलाच म्हणून समजा. बर्फाचं पाणी व्हायचं, बोंबील मऊ पडायचे आणि बाजारात पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं निघून गेलेली असायची.

अशा वेळी सखुबाई टेम्पोतून उतरायची, व्हॅनिटीच्या पत्र्यावर तळहातानं धाडधाड वाजवायची आणि म्हणायची, "घर घेऊन कनाला फिरतंव रं? घरात राहावा की." साठी उलटलेल्या त्या बाईचा हात एवढा जोरात बसायचा की आतला माणूस दार उघडून बघायचाच. ड्रायव्हर मंडळींत ती प्रसिद्ध होती. लांबून तिचं हिरवं लुगडं दिसलं तरी काही जण गाडी पुढे काढायचे.

टेम्पो चालवायची तिची सून, रोशनी. सखुबाईचा मुलगा निमेश होडीवर असायचा. गेला की कधी चार दिवस, कधी आठ दिवस. रोशनीचा बाप भाईंदरला पाण्याचा टँकर चालवायचा. त्याला मुलगा नव्हता आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. त्यानं लेकीला टँकर शिकवला आणि अवजड गाडीचं लायसन्स काढून दिलं. लग्नानंतर ती सासरी टेम्पोवर बसली ती बसलीच. सासू-सुनेचं एकमेकींशी बोलणं कमी, पण पहाटे टेम्पोत शेजारी शेजारी बसून दोघींची एक सवय झाली होती. सखुबाईनं पान लावायचं, अर्धं रोशनीला द्यायचं, आणि मालाड येईपर्यंत कोणी काही बोलायचं नाही.

मार्च महिन्यात एका सकाळी एरंगळच्या पुढच्या वळणावर एक व्हॅनिटी आडवी अडकली. पुढचं चाक गटाराच्या कडेला, मागचा कोपरा एका बंगल्याच्या भिंतीला. ड्रायव्हर धोंडू नवा होता. तो बिचारा घामानं भिजलेला, स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवत होता, आणि दर वेळी भिंतीचा थोडा गिलावा खाली पडत होता. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. हॉर्नचा नुसता कल्ला.

सखुबाई उतरलीच होती. तिनं पत्रा वाजवायला हात उचलला, तेवढ्यात रोशनी तिच्या बाजूनं पुढे गेली.

"दादा, उतर खाली," ती धोंडूला म्हणाली. "मागे जाऊन भिंत बघ. मी घेते."

"तुम्ही?"

"हो, मी. का, वाट लागायची काही बाकी आहे का अजून?"

धोंडू उतरला. रोशनीनं साडीचा पदर कमरेला खोचला, वर चढली, आरसे आपल्या नजरेला लावून घेतले. मग वीतभर पुढे, हातभर मागे, पुन्हा वीतभर पुढे. घाई नाही, गडबड नाही. पाच मिनिटांत गाडी भिंतीपासून सुटली आणि सरळ झाली. रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सखुबाईनं वाजवल्या नाहीत, पण उचललेला हात तिनं खाली घेतला.

त्या गाडीचा मालक मुकुल. गोरेगावच्या स्टुडिओंना आणि मढच्या बंगल्यांना तो सहा व्हॅनिटी पुरवायचा. धोंडूनं त्याला सगळं सांगितलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी तो पत्ता विचारत कोळीवाड्यात आला. ओट्यावर बसला, चहा घेतला आणि रोशनीला म्हणाला, "माझ्याकडे गाडी चालवा. मढच्या रस्त्यावर गाडी घालू शकेल असा माणूस मला मिळत नाही, ताई."

रोशनी उत्तर द्यायच्या आधी सखुबाई म्हणाली, "आणि माझा टेम्पो कोण चालवल?"

"आये, शांतामावशीच्या टेम्पोत जागा असते," रोशनी हळूच म्हणाली.

म्हणजे हिनं मनात ठरवलंही होतं. सखुबाईला ते लागलं. सुनेनं दुसरीकडे काम धरावं याचं तिला काही नव्हतं. पण सगळी दुनिया सोडून त्याच गाड्या? मुकुल गेल्यावर ती म्हणाली, "तुना दुसरं काय भेटलं नाय?"

"मला मोठी गाडी चालवायला आवडते," रोशनी म्हणाली. "टँकरवर बसायचे तसं वाटतं. उंच."

एवढं सरळ कारण ऐकल्यावर सखुबाईला पुढे भांडता आलं नाही. तिनं भांडण सोडलं आणि अबोला धरला.

एप्रिलभर ती शांताबाईच्या टेम्पोत पाट्यांच्या मध्ये अंग चोरून गेली. शांताबाई तिची लहानपणापासूनची मैत्रीण, पण तिला टेम्पोत अखंड बोलायची खोड. पान खाऊन गप्प बसायची सोय उरली नाही. सखुबाईला रोशनीची आठवण यायची आणि ते कबूल करायचं नसल्यामुळे व्हॅनिटीचा राग आणखी वाढायचा.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मासळी विकणारी प्रत्येक बाई जाणते आणि गिऱ्हाइकांना सहसा ठाऊक नसते. बाजारात बायकांच्या संडासाला कुलूप असतं, किंवा कुलूप नसलं तर आत पाणी नसतं. म्हणून पहाटे घरून निघालेली बाई दुपारी घरी परतेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. सखुबाईनं चाळीस वर्षं असंच काढलं होतं. त्याचं दुखणंही तिला जडलं होतं. डॉक्टर सांगायचे, पाणी प्या. ती मान हलवायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी उन्हानं जीव कासावीस झाला म्हणून तिनं बाजारात दोन ग्लास ताक घेतलं. परतीच्या वाटेवर ते ताक बोलायला लागलं. आणि नेमका टेम्पो अडकला. पुढे दोन व्हॅनिटी, त्यांच्या पुढे कुणाची तरी वरात. अर्धा तास झाला. शांताबाई कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगत होती. सखुबाईच्या कपाळावर घाम आला.

"मी चालत जातंय," ती म्हणाली आणि उतरली. पण घर अजून दोन मैल होतं, आणि हे तिचं तिलाही कळत होतं. पहिल्या व्हॅनिटीच्या बाजूनं जाताना खिडकीतून आवाज आला.

"आये, काय झालं?"

रोशनी होती. सखुबाईनं मान फिरवली, दोन पावलं टाकली आणि थांबली. रोशनी खाली उतरली. सासूच्या चेहऱ्याकडे तिनं एकदा बघितलं. पुढचं काही विचारलं नाही. मागे जाऊन व्हॅनिटीचं दार उघडलं, पायरी ओढली आणि म्हणाली, "आत कोणी नाही. गाडी मढला रिकामी चाललीये. डाव्या हाताला दार आहे."

"त्या घरात मी पाय नाय ठेवणार."

"नको ठेवूस. मी पुढे बसते. मला काही दिसत नाही."

आणि ती खरंच पुढे जाऊन बसली.

सखुबाई बाहेर आली ती चांगली पंधरा मिनिटांनी. तोपर्यंत वरात पुढे सरकली होती. आत तिनं काय काय बघितलं ते तिनं नंतर शांताबाईला तपशिलानं सांगितलं. बल्बांनी मढवलेला आरसा होता, गादी होती, थंड हवा होती. ते सगळं असेल असं तिला वाटलंच होतं. पण ते पांढरंशुभ्र न्हाणीघर. आतून लागणारी कडी. नळाला पाणी, गरमसुद्धा. साबण. खुंटीला स्वच्छ पंचा. तिनं हात धुतले, तोंड धुतलं, पाय धुतले आणि कडी न काढता तशीच काही वेळ उभी राहिली. दाराबाहेर कोणी खाकरत नव्हतं, कोणी "आटप गो" म्हणत नव्हतं.

ती रोशनीच्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. पानाची चंची काढली, पान लावलं, अर्धं तोडून तिच्या हातावर ठेवलं.

"बरी हाय गाडी," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुढे म्हणाली, "पण उभी वंगाळ करता तुमी लोक."

"ते मात्र खरं आहे," रोशनी म्हणाली.

त्यावर दोघी घरी बोलल्या, आणि आठवड्याभरात सखुबाई मुकुलला भेटली. तिचं म्हणणं साधं होतं. मासळीचे टेम्पो पहाटे पाच ते साडेसातमध्ये जातात. तुझ्या गाड्या त्याच्या आधी तरी आणून बंगल्याच्या आत लाव, नाहीतर नंतर आण. रस्त्यावर उभी करू नको. मुकुल म्हणाला, शूटिंगवाले ऐकत नाहीत.

"त्यांना सांग, सखुबाई येतंय पत्रा वाजवायला," ती म्हणाली.

मुकुल हसला, पण त्यानं ऐकलं. रोशनीनं ड्रायव्हरांना वेळा वाटून दिल्या. सगळ्याच मालकांनी काही मनावर घेतलं नाही. तरी सहा गाड्या कमी झाल्यानं रस्ता बराच मोकळा झाला.

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली. होड्या वर ओढल्या, निमेश जाळी विणत घरी बसला. बंदीच्या दिवसांत सखुबाई, शांताबाई आणि आणखी चौघी दर वर्षी कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला जायच्या. या वर्षी रोशनीला एक व्हॅनिटी कार्ल्याच्या फाट्याजवळच्या बंगल्यावर पोचवायची होती. तीन दिवसांचं शूटिंग. जाताना गाडी रिकामीच.

"न्या," मुकुल फोनवर म्हणाला. "फक्त गाडीत मासळी नको."

"बंदीत मासळी कुठली?" रोशनी म्हणाली. सुक्या जवळ्याबद्दल त्यानं विचारलं नव्हतं.

सहा बायका डोक्यात अबोली माळून सकाळी सहाला गाडीत चढल्या. ऐरोलीचा पूल येईपर्यंत प्रत्येकीनं एकदा न्हाणीघर वापरून बघितलं होतं. गरज असो वा नसो. शांताबाईनं बल्बांच्या आरशासमोर बसून केस पुन्हा विंचरले आणि पनवेलपर्यंत ती खुर्ची सोडली नाही. सखुबाई पुढे, रोशनीच्या शेजारी.

खोपोली सोडून घाट लागला आणि गाडी मंदावली. एवढं मोठं धूड, वर चढण; रोशनी दुसऱ्या गिअरवर शांतपणे चालवत होती. मागे हॉर्न सुरू झाले. एका वळणानंतर एक मोटार जोरात बाजूनं आली. आतला माणूस काच खाली करून ओरडला, "घर घेऊन कशाला फिरता? घरीच बसा ना."

सखुबाईनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. डोळ्यांना पदर लावून ती हसत राहिली. रोशनीही हसायला लागली.

"हा तुझ्याच शाळेतला दिसतोय, आये."

"शाना हाय मेला," सखुबाई म्हणाली. मग तिनं बाजूच्या आरशात पाहिलं. मागे मोटारींची लांब ओळ होती आणि त्यांत एक फुलांचा टेम्पो, वरून ओलं गोणपाट टाकलेला. "रोशनी, जागा भेटली की बाजूला घे गो. त्या टेम्पोवाल्याची फुलं हायत. सुकतील."

पुढच्या वळणावर रस्ता रुंद होता. रोशनीनं गाडी कडेला घेतली. एकेक मोटार पुढे गेली. फुलांच्या टेम्पोवाल्यानं जाताना हात वर केला, सखुबाईनंही केला.

दर्शन दुपारपर्यंत झालं. पायऱ्या चढताना गुडघे बोलले, पण आईसमोर उभं राहिल्यावर त्याचं कुणाला काही वाटलं नाही. बाकीच्या पाच जणी तीनच्या एसटीनं परत निघाल्या. सखुबाईही त्यांच्यासोबत फाट्यापर्यंत आली. एसटी आली, शांताबाई चढली, वरून हात पुढे केला.

"तू हो पुढं," सखुबाई म्हणाली. "पोरगी तीन दिवस एकटी राहणार. मी थांबतंय."

"पोरीसाठी का न्हाणीघरासाठी?" शांताबाईनं विचारलं. एसटी सुटली म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

शूटिंगची नटी दिवसा गाडी वापरायची आणि संध्याकाळी हॉटेलवर निघून जायची. त्यानंतर गाडी या दोघींची. सखुबाई बंगल्याच्या आचाऱ्याकडून शेगडी मागून आणायची, गाडीच्या पायरीशी बसून कांदा चिरायची आणि पिशवीतला जवळा काढायची. दुसऱ्या दिवशी त्या वासानं निम्मं युनिट ताटल्या घेऊन गोळा झालं. तिनं कोणाला परत पाठवलं नाही. सकाळी आंघोळीला ती मनसोक्त वेळ घ्यायची, आणि बाहेर येऊन तांब्याभर पाणी सावकाश पिऊन संपवायची.

तिसऱ्या दिवशी निमेशचा फोन आला. घरात त्याला भात नीट जमत नव्हता.

"आये, कधी येतेस?"

सखुबाई पायरीवर बसली होती. समोर डोंगरावर ढग उतरले होते, आणि रोशनी टायरमधली हवा तपासत गाडीभोवती फिरत होती.

"आमचं शूटिंग संपलं की," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.