एकतीस हिरवी दारं

रंगाचा नखाएवढा तुकडा... नखाएवढाही नाही, करंगळीच्या नखाएवढा, वरून तपकिरी आणि मळकट, कुणीही झाडूने लोटून द्यावा असा; पण चिमट्याने उलटा केला की खालून पिवळा — दाट, जुना, अजून न उतरलेला पिवळा. तिने तो सुलटा केला. मग पुन्हा उलटा. सहा वर्षं हे चाललं होतं, आणि असं उलटंसुलटं करून रंग काही बदलत नाही हे एव्हाना तिला कळायला हवं होतं. पाकिटावर पेन्सिलीने, तिच्याच अक्षरात, लिहिलेलं होतं: ‘पंपघर, अवजारांचं कपाट.’ खोटं. म्हणजे खोटं नव्हे, चूक — पण चूक सहा वर्षं दडवून ठेवली की तिला काय म्हणायचं, हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारू नये एवढीच तिची इच्छा होती.

“आज तुमची मीटिंग ना?” स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं. “पुराणवस्तूंची?”

“चार वाजता.”

“मग माझाही अर्ज घेऊन जा. एकसष्ट वर्षांचं बांधकाम आहे, पाडू नये म्हणावं.”

हा विनोद तो दर मीटिंगला करायचा, फक्त वर्षांचा आकडा वाढायचा. ती दर वेळी हसायची. आज हसायला उशीर झाला तेव्हा त्याने डोकावून पाहिलं, आणि तिने पाकीट पर्समध्ये सरकवलं. त्यालाही सांगितलेलं नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात त्याला न सांगितलेल्या गोष्टी तशा पुष्कळ होत्या, पण त्या विसरून गेलेल्या; ही विसरली जात नव्हती.

विषयपत्रिकेवर तिसरा विषय: घर क्रमांक नऊ, दाराचा रंग. त्या घरातल्या टेलरकाकांनी अर्ज मापांच्या वहीचं पान फाडून लिहिला होता. ‘पत्नीला विस्मरणाचा आजार आहे. गल्लीतली सगळी दारं एकसारखी हिरवी, त्यामुळे तिला आपलं घर सापडत नाही. ती म्हणते, आपलं दार पिवळं. तरी पिवळं करू द्यावं ही विनंती.’ अर्ज येऊन तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे तिला धड झोप नव्हती.

गल्ली म्हणजे विटांच्या कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली एकतीस घरं, एकाला एक चिकटून. कारखाना गेला, शहर अंगावर आलं, घरं उरली. आणि ती पुढेही उरावीत म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी वारसा जतन समितीने यादी केली, नियम केले — खिडक्या अशाच, कौलं अशीच, दारं मूळ रंगाचीच. मूळ रंग शोधायचं काम चिटणीस म्हणून तिच्याकडे. तीस घरांची दारं कधी ना कधी बदललेली. जन्मापासूनचं दार एकच, नऊ नंबरचं. बिजागरीच्या मागून, जिथे कुणाचा खरवडणारा हात पोचलेला नसतो तिथून, पात्याने सगळे थर एकदम उचलायचे, पाकिटात घालायचे आणि तिथल्या तिथे नाव लिहायचं. तिथल्या तिथे! — हे ती नव्या लोकांना अजून बोट नाचवून सांगते. त्या दिवशी मात्र मुलगा सात वर्षांचा, तापाने फणफणलेला, शेजारणीच्या हवाली केलेला. दाराचा एक तुकडा, पाण्याच्या पंपघरातल्या कपाटाचा एक तुकडा, दोन कोऱ्या पाकिटांत कोंबून ती घरी पळाली, आणि एका हाताने त्याच्या कपाळावरची ओली पट्टी धरून दुसऱ्या हाताने नावं घातली... दोनच पाकिटं होती. दोन! मुलगा तिसऱ्या दिवशी खडखडीत बरा झाला. आता तो सव्वीस वर्षांचा आहे, फोनवर ‘आई, थोडक्यात सांग’ म्हणतो, आणि त्या तापाचं त्याला काहीही आठवत नाही.

हिरवा रंग जाहीर झाल्यावर, हरकती ऐकायच्या दिवशी टेलरकाकांच्या काकू उठल्या होत्या. काय तिखट बाई होती तेव्हा! याच गल्लीत, याच घरात जन्मलेली. लग्न होऊन काकाच तिच्याकडे राहायला आले, आणि त्यावरून अख्खी गल्ली त्यांना म्हातारपणापर्यंत ‘जावईबापू’ म्हणत राहिली. ‘रंगबाई’ हे नावसुद्धा काकूंनीच ठेवलेलं. “अगं रंगबाई,” भरसभेत त्या म्हणाल्या, “मी एवढीशी होते तेव्हा पिवळी होती गं ही दारं. हिरवं तुला कुणी सांगितलं?” आणि ती — अडतीस वर्षांची, ताजीतवानी, सगळं ठाऊक असलेली — म्हणाली, “काकू, आठवण फसवते. रंगाचा थर फसवत नाही.” टाळ्या पडल्या. ते वाक्य समितीच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापलं, अजून आहे. काकू खाली बसल्या. एका वाक्यात गप्प बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, पण त्या दिवशी बसल्या.

मग सहा वर्षांपूर्वी पंपघर पाडलं. ‘विशेष महत्त्व नाही’ हा शेरा समितीचाच, अक्षर तिचंच. ती सहज म्हणून बघायला गेली, तर ढिगाऱ्यात ते कपाट उताणं पडलेलं आणि त्याच्या उडालेल्या पापुद्र्यांखाली तो हिरवा... गल्लीचा हिरवा. घरी येऊन दुसरं पाकीट उघडलं, तुकडा उलटा केला. एकतीस घरं अवजारांच्या कपाटाच्या रंगात नांदत होती! हसण्यासारखंच होतं, हसूही आलं, न्हाणीघरात, नळ मोठा सोडून, आणि बघता बघता ते हसू राहिलं नाही.

सांगणार होते मी. उद्याच सांगणार होते. पण पहिल्या वर्षी जुने अध्यक्ष आजारी, त्यांना कशाला धक्का. दुसऱ्या वर्षी ते गेलेच, मग गेलेल्या माणसाच्या कामाला कशाला डाग. मग सासूबाईंचं दुखणं, मग माझे गुडघे, मग... एकेक करून कारणं संपली आणि नुसता थकवा उरला, आणि थकवा हे कारण सगळ्यांत टिकाऊ निघालं. तिने पर्सची चेन ओढली आणि निघाली.

समितीची खोली ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर. पंखा कुरकुरत फिरतो. तोही यादीत घ्यावा, असं दर मीटिंगला कुणीतरी म्हणतंच. आज ते समितीतल्या वास्तुकाराने म्हटलं. टेलरकाका इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीकडच्या खुर्चीवर बसले होते, टोकावर, कधीही उठायला सांगतील अशा बेताने.

“परवा शेजारच्या घरात जाऊन बसली,” ते सांगू लागले. “त्याआधी पंधरा नंबरात जाऊन निजली चक्क, त्यांच्या पलंगावर. गेल्या महिन्यात हमरस्त्यावर सापडली, साहेब. किल्ली हातात. प्रत्येक दाराला लावून बघते आणि लागली नाही की पुढे जाते... पुढे जाते... गल्ली संपली तरी पुढेच.”

“पण पिवळंच का?” अध्यक्षांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता. निवृत्त अभियंता, सगळ्यांचं ऐकून घ्यायचा.

“तिला तसं वाटतं. खोटं कशाला बोलू, मी लग्न होऊन आलो तेव्हा दार तपकिरी होतं. पिवळं मी कधी पाहिलेलं नाही. डोक्याचा आजार आहे तो. पण तिच्या डोक्यात जे दार आहे तेच समोर दिसलं, तर ती घरी तरी येईल ना?”

“काका, सहानुभूती आहे हो,” वास्तुकार म्हणाला, “पण एकाला दिलं की उद्या तीस जण रांग लावतील. आणि पुरावा हिरव्याचा आहे.”

“बाईंना विचारा की,” काका तिच्याकडे वळून म्हणाले. अगदी विश्वासाने, आपल्या बाजूचं माणूस असल्यासारखं. “आमचं दार बाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत.”

“बाई, नोंद वाचा जरा,” अध्यक्ष म्हणाले.

पर्स मांडीवर होती. चेन उघडायची, पाकीट काढायचं, टेबलावर ठेवायचं — तीन हालचाली, भाजी आणायला जातानाही याहून जास्त होतात. मग एकतीस दारं पुन्हा खरवडणं, मग पुस्तिका, मग दाराला दुसरा रंग लावला म्हणून दंड भरलेल्या त्या सात नंबरवाल्या बाईचा चेहरा, मग ‘सहा वर्षं काय करत होता?’... ती उभी राहिली. फाईल उघडली. “घर क्रमांक नऊ,” तिने वाचलं, “मुख्य दार. सर्वांत खालचा थर — फिकट हिरवा.” स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. शेवटचे दोन शब्द तिने खोकल्यासारखे उरकले, पण कुणी पुन्हा वाचा म्हटलं नाही.

वास्तुकाराला एकदम तोडगा सुचला. “आतल्या बाजूने रंगवा ना पिवळं! आतली बाजू आमच्या अखत्यारीत येतच नाही.”

काका त्याच्याकडे बघत राहिले. “ती बाहेर हरवते, साहेब,” ते म्हणाले. “आत नाही.”

पंखा कुरकुरला.

“मग बाहेरून कुलूप लावणं आलं,” काका उठत म्हणाले. “घर तिच्या बापाचं. मी तिथे जावई. आता त्या घरात मी तिला कोंडून ठेवू... बरं. ठीक आहे.” जाताना त्यांनी खुर्ची उचलून भिंतीला नीट लावली आणि तिला म्हणाले, “येतो, बाई. तुम्ही तरी काय करणार.”

हात वर झाले. चिटणिसाला मत नसतं. ते एक बरं असतं, असं ती बावीस वर्षं म्हणत आली होती. तिने लिहिलं: ‘अर्ज नामंजूर.’ अक्षर सुरेख आलं, आणि त्याचा तिला इतका राग आला की पुढचे दोन विषय तिने खरडून काढले.

घरी जायला जवळचा रस्ता होता, पण पाय गल्लीकडेच वळले. ऊन कलतीला लागलेलं, हिरव्यावर तिरपं आलेलं. या वेळेला लोक इथे फोटो काढायला येतात, आणि पुष्कळांना हा रंग आवडतो, हेही खरं. बाविसाव्या घराच्या पायरीवर काकू उभ्या होत्या. पायात दोन निराळ्या चपला. किल्ली कुलपात खुपसून मन लावून फिरवत होत्या, चिडल्या नव्हत्या, नुसत्या वाट बघत होत्या.

“काकू.”

“लागत नाही गं,” त्या वळून म्हणाल्या. ओळख नव्हती, पण परकेपणाही नव्हता. “आमचं पिवळं आहे. इथे पिवळं दिसतं का तुला कुठे?”

“चला, मी दाखवते.” तिने त्यांचा हात धरला. हलका, कोरडा हात. आणि चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की नऊ नंबर कोणता हे तिलाही नुसतं बघून कळत नाही — ती आकडे शोधत होती, दाराच्या डोक्यावरचे ते बारीक आकडे, जे मोठे असू नयेत असा नियम तिनेच लिहिला होता. एकवीस. वीस.

“सगळी हिरवी कुणी केली गं?” काकूंनी विचारलं.

“मी.”

हे असं बाहेर पडलं, काही न ठरवता. काकू थांबल्या. “का गं?”

“चुकून झालं, काकू. तुमचं पिवळंच होतं. तुम्ही सांगितलं होतं मला. माझी पाकिटं बदलली.”

“मग सांगितलं नाहीस कुणाला?”

“नाही.”

काकूंनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, तापलेल्या पोराकडे बघावं तसं, आणि दुसरा हात तिच्या मनगटावर ठेवला. “कंटाळली असशील,” त्या म्हणाल्या.

तिला रस्त्याच्या मधोमध रडू कोसळलं. सहा वर्षांत इतकं बरोबर कुणी बोललं नव्हतं. आणि जी बोलली ती तर अठराव्या घरापर्यंत पोचेस्तोवर हे विसरून जाणार होती, क्षमा करून टाकलीय हेही विसरणार होती. म्हणजे ही क्षमा धरायची की नाही? साक्षीदार कोण? डोळे पुसत, काकूंचा हात न सोडता ती चालत राहिली.

“सगळी हिरवी कुणी केली गं?” सतराव्या घरापाशी काकूंनी विचारलं, पहिल्यांदाच विचारावं तसं.

“मी केली, काकू. चूक झाली माझी. तुमचं पिवळं होतं.” या वेळी हुंदका आला नाही. वाक्यही पुरं झालं.

गल्लीच्या पलीकडच्या तोंडाला टेलरकाका दिसले. शर्ट तोच, मीटिंगचा, पाठीला घामाने चिकटलेला. हमरस्त्यापर्यंत शोधून आलेले असावेत. त्यांनी दोघींना पाहिलं आणि लगबगीने, जवळजवळ पळतच, यायला लागले. हातात काहीतरी होतं; जवळ आले तेव्हा दिसलं, नवं कोरं कुलूप, दुकानाच्या पुठ्ठ्यासकट.

थकवा होताच. गुडघ्यात होता, डोळ्यांमागे होता, पाकिटाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त... पण तो आता पळून जायला सांगत नव्हता. तिने पर्सच्या चेनवर बोट ठेवलं. काका दहा पावलांवर, आठ, सहा — आता बोललेलं त्यांना ऐकू जाईल, इतके जवळ आले होते.

“अगं,” काकूंनी तिचा हात हलवून तिसऱ्यांदा, खणखणीत आवाजात विचारलं, “ही सगळी हिरवी कुणी केली?”