पहिल्या गाण्याआधीची चाहूल

"दीनी, हे कानाला लाव आणि ऐक," रेन्स्के म्हणाली आणि तिनं आपले हेडफोन माझ्या हातात कोंबले.

"माझ्या स्वतःच्या रेकॉर्डी ढीगभर पडल्यात ऐकायच्या," मी म्हटलं. पण तिचा चेहरा बघितला आणि मुकाट्यानं तिच्या खुर्चीत बसले.

तिनं सुई तबकडीच्या काठावर टेकवली. आधी नेहमीची शांतता. ती जरा जास्तच लांबली. मग त्या शांततेत, भिंतीपलीकडच्या घरातून यावा तसा, एका पुरुषाचा पुसट आवाज. जेमतेम दोन शब्द. आणि लगेच त्याच दोन शब्दांनी गाणं सुरू झालं, खणखणीत, अगदी कानाशी. साथीला काही नाही, नुसता गळा. मी हेडफोन उतरवले.

"चाहूल आहे," मी म्हणाले.

"मोठी आहे ना?"

"मोठीच आहे."

"येल्मर आहे तो," रेन्स्के म्हणाली. जसं काही मला माहीतच नव्हतं.

येल्मर तिचा मुलगा. मार्चमध्ये बांधावरच्या रस्त्यानं मोटरसायकलवरून येताना गेला. चोवीस वर्षांचा होता. त्याच्या आणि त्याच्या तीन दोस्तांच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण त्याआधी जेमतेम तीन आठवडे पुरं झालं होतं. आता सप्टेंबर उजाडला होता आणि त्याची पहिली नि शेवटची रेकॉर्ड छपाईसाठी आमच्याच कारखान्यात आली होती; आज तिचा नमुना तपासायचा होता.

लेवार्डन शहराच्या बाहेर आमचा रेकॉर्डी छापायचा कारखाना. आम्ही सहाजणी काचेच्या सहा खोल्यांत बसून खोट शोधायला रेकॉर्डी ऐकायचो. ऐकायचो म्हणजे काय, काठावरची शांतता आणि पहिलं गाणं. ते संपलं की सुई उचलायची, तबकडी पलटायची, पुन्हा तेच. सगळी ऐकत बसलो तर कारखाना चालेल कसा? त्यामुळे जगातली पहिली गाणी आम्हाला तोंडपाठ आणि दुसऱ्या गाण्याचा पत्ता नाही. दहाच्या कॉफीला एकेक बिस्कीट घेऊन डबा बंद झाला की वाद सुरू: सगळ्यांत भारी पहिलं गाणं कुठलं? मला धडाक्यात सुरू होणारी आवडत. रेन्स्के म्हणायची, "दीनीला दार ठोठावणारा नको, दार मोडणारा लागतो." बावीस वर्षं ती त्या खोलीत होती. तिच्या कानातून खोट सुटली असं एकदाही झालं नाही.

येल्मर लहान असल्यापासून ती कामावरून घरी गेली की विचारायचा, "मेम, आज कुठलं पहिलं?" आमच्याकडे आईला मेम म्हणतात. मग बटाटे सोलता सोलता ती गुणगुणून दाखवायची. पोरगं पहिल्या गाण्यांवरच वाढलं. मोठा झाल्यावर मला म्हणायचा, "दीनीमावशी, दुसरं गाणं म्हणून एक चीज असते, कुणीतरी सांगा हो माझ्या आईला!"

चाहूल हे आमच्या बायकांनी ठेवलेलं नाव. रेकॉर्डवरच्या चऱ्या, म्हणजे ज्यांत सुई फिरते त्या खाचा, एकमेकींना खेटून असतात. एकीत जोराचा आवाज कोरला की शेजारणीची भिंत जरा दबते, आणि मग तो आवाज एक फेरा आधीच पुसटसा ऐकू येतो. गाण्यांच्या गर्दीत तो कळत नाही. पहिल्या गाण्याआधी मात्र सगळं शांत असतं, तिथे तो लपत नाही. चाहूल बारीक असली तर आम्ही सोडून द्यायचो. दोघींना स्पष्ट ऐकू आली तर नापास. मग अॅमस्टरडॅमच्या कोरणाऱ्या माणसानं चरी पुन्हा कोरायची, नवे साचे यायचे, तीन आठवडे गेले.

दोघींना स्पष्ट ऐकू आली होती.

सीब्रेन, आमचा मुकादम, दारात येऊन उभा राहिला. भला माणूस, पण घाईचा. "रेन्स्के, झालं का? आज हो म्हणालीस तर उद्या छापायला घेतो. पुढच्या शनिवारी चर्चच्या सभागृहात त्याच्या दोस्तांचा कार्यक्रम आहे ना, येल्मरच्या आठवणीत? त्यांच्यातल्या त्या वोब्बेचे दोन फोन येऊन गेले."

"दुपारपर्यंत थांबा," ती म्हणाली.

"थांबतो की. तुझ्यासाठी नाही थांबायचं तर कुणासाठी?" तो गेला.

मी दार लावलं. "कर ना पास. कोण एवढं कान लावून बसणारे?"

"मी."

"अगं, तुझाच पोरगा आहे! दोनदा बोलतोय तर बोलू दे की दोनदा!"

ती सुईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो असाच यायचा गं घरी. मागच्या दाराशी बूट काढताना एकदा हळूच 'मेम' म्हणायचा. स्वतःशीच म्हणायचा. आणि मग आत येऊन ओरडायचा. ते पहिलं हळू असायचं ना, ते फक्त मला ऐकू यायचं. ह्यांना कधी नाही आलं. मार्चपासून मी तेवढ्यासाठी कान देऊन बसलेय. सासूबाईंचं भिंतीवरचं घड्याळ बंद करून ठेवलंय, टिकटिक मध्ये येते म्हणून. हे रागावतात. आणि आज ते इथे ऐकू आलं, दीनी. इथे, या खोलीत. आता मीच त्याला नापास करू?"

आणि ती रडायला लागली. काचेपलीकडच्या चौघींनी माना खाली घातल्या. मी तशी तोंडाळ बाई, पण तेव्हा नुसती तिचा हात धरून बसले.

दुपारपर्यंत तिनं तेवढंच ऐकलं. काठ, शांतता, दोन शब्द. गाणं सुरू झालं की सुई उचलायची, पुन्हा काठावर. मी एकदा ओरडलेसुद्धा, "झिजेल गं ती!" तिनं मान हलवली आणि पुन्हा सुई टेकवली.

दोन वाजता ती उठली आणि सीब्रेनच्या खोलीतून तिनं वोब्बेला फोन लावला. तो त्यांच्यातला गिटार वाजवणारा. त्याचा आवाज इतका दणदणीत की मला दारातून सगळं ऐकू येत होतं.

"एक सांग," रेन्स्के म्हणाली. "सुरुवातीला एवढी शांतता का ठेवलीय?"

"काकू, त्यावरून तर आमची हाणामारी व्हायची बाकी होती! आम्हाला ढोलवालं गाणं पहिलं हवं होतं. हा ऐकेल तर शपथ. म्हणाला, आधी नुसती शांतता ठेवायची. माणसाला वाटलं पाहिजे, तबकडी कोरीच आलीय की काय. आणि मग एकदम मी."

"पण का?"

"तुमच्यासाठीच की. म्हणायचा, मेमला बावीस वर्षांत एकाही गाण्यानं फसवलेलं नाही, सुई टेकताच तिला कळतं काय येणार ते. तिला एकदा मी फसवणार. कुणी सांगू नका म्हणून आम्हाला दम भरला होता." मग घाईघाईनं म्हणाला, "काकू, रेकॉर्डी शनिवारपर्यंत येतील ना? लोकांना सांगून बसलोय आम्ही."

रेन्स्केनं टेबलाची कड धरली होती. "नाही येणार," ती म्हणाली. "शनिवारी तुम्ही तोंडानं गा."

खोलीत येऊन तिनं तपासणीचं कार्ड ओढलं आणि लिहिलं: पहिली बाजू, पहिलं गाणं, आधी चाहूल येते. नापास. खाली सही. अक्षर नेहमीसारखंच, एक काना वाकडा नाही.

नापास तबकडीला मागच्या शेडमधल्या यंत्रात मधोमध भोक पाडतात, म्हणजे ती कुणी घरी नेऊन वाजवणार नाही. मग तिचा चुरा होतो आणि तो पुन्हा नव्या रेकॉर्डींत जातो. रेन्स्केनं तिची तबकडी स्वतः नेली. पण नमुन्याच्या तबकड्या दोन आल्या होत्या. दुसरी माझ्याकडे होती, आणि ती मी कोटाच्या आत सरकवली. मी चोर नाही. आयुष्यात कारखान्यातून एक टाचणी नेलेली नाही. पण त्या दिवशी मला बाकी काही दिसत नव्हतं.

संध्याकाळी सायकलींपाशी मी ती तिच्या हातात दिली. "घे. ही घरी ठेव. कुणाला सांगायची गरज नाही."

तिनं पाकिटातून तबकडी अर्धी बाहेर काढली. मावळतीच्या उजेडात धरून काठावरच्या कोऱ्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, घेतली. मग तिनं ती परत पाकिटात सरकवली, सायकल माझ्याकडे दिली आणि शेडकडे चालू लागली. यंत्राचा धप्पकन आवाज मला फाटकापर्यंत आला.

"दगड आहेस तू," ती परत आल्यावर मी म्हणाले. खरंच संताप आला होता मला. "अगं, एक तरी ठेवायची होतीस!"

"ठेवली असती तर रोज तीच लावून बसले असते," ती म्हणाली. "त्याला ते नको होतं, दीनी. आधी कळू द्यायचं नव्हतं त्याला." आणि ती सायकलवर बसून गेली. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही. कॉफीसुद्धा दुसऱ्या टेबलावर प्यायले. शनिवारच्या कार्यक्रमाला गेले तेव्हा आपण होऊन तिच्या शेजारी जाऊन बसले. पोरं तोंडानं गायली, बरी गायली.

ऑक्टोबरमध्ये नवा नमुना आला. सीब्रेन म्हणाला, "दीनीला देऊ का?" रेन्स्के म्हणाली, "माझं काम आहे ते."

मी माझ्या खोलीत होते, मध्ये फक्त काच. माझ्या समोरची रेकॉर्ड तशीच फिरत राहिली, मी तिच्याकडे बघत होते. तिनं सुई टेकवली आणि मान जराशी डावीकडे कलती केली. मागच्या दाराकडे कान देऊन बसलेली बाई मला त्यात दिसली. आता येईल तो हळू आवाज. आता येईल. तबकडी फिरत होती. तिच्या कपाळावर आठी पडली. तिनं हेडफोनची वायर चाचपली, नीट बसलीय ना बघायला खाली वाकली.

आणि ती दचकली. अशी दचकली की कोपर लागून कॉफीचा पेला कार्डावर आडवा झाला.

कॉफी टेबलावरून खाली ठिबकत होती. रेन्स्केनं काचेतून माझ्याकडे बघितलं. ऐकू काही आलं नाही, पण ओठ हलले ते मला वाचता आले. "फसवलं गं कार्ट्यानं." ती हसत होती. गालांवरून पाणी वाहून हनुवटीपर्यंत आलं होतं आणि ते तिला पुसता येत नव्हतं, कारण दोन्ही हातांनी तिनं हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले होते.